गुणोत्तर कुठे ठेवायचं?

हॉबिंग मशीनवर चाळीस दातांचा गिअर कापायचा तर एक अट पाळावी लागते. एकतोंडी हॉबचे, म्हणजे दात कापणाऱ्या हत्याराचे, 40 फेरे होतील तेवढ्यात टेबलावरच्या जॉबचा बरोबर 1 फेरा व्हायला हवा. 39.99 चालत नाही, 40.01ही चालत नाही. हॉब आणि जॉब हे वर्म आणि वर्म व्हीलसारखे एकमेकांत गुंतून फिरतात; फक्त व्हीलला अजून दात आलेले नसतात, ते फिरता फिरताच कापले जातात. हर्मन फाउटर या जर्मन इंजिनिअरने 1897 मध्ये सरळ आणि तिरके असे दोन्ही दात कापणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं, तेव्हाही अट हीच होती. ती कुणाकडून पाळून घ्यायची, याबद्दल मात्र धंद्यात अजून वाद आहेत. लोखंडी गिअरांची साखळी लावायची, की दोन मोटरी सुट्या ठेवून कंट्रोलरच्या हुकमावर जोडीने चालवायच्या?

खाली बोलणारी दोन माणसं मी रचलेली आहेत. त्यांची मतं मात्र भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही गिअर शॉपमध्ये ऐकायला मिळतील. अण्णा जन्मभर हॉबिंगचे सेटर. मॅडम सर्व्हो आणि कंट्रोलमधल्या इंजिनिअर. विषय एका जॉबवर्क शॉपमधलं जुनं, दणकट हॉबिंग मशीन : त्याचे चेंज गिअर, म्हणजे जॉबप्रमाणे बदलायचे गिअर, काढून इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स बसवायचा का? मालकही तिथेच आहे, पण त्याला चहा सांगण्यापलीकडे बोलायला फारसा वाव मिळालेला नाही.

अण्णा : मला आधी एक सांगा. या मशीनमध्ये मोटर एक. तिच्यापासून एक वाट हॉबकडे जाते, दुसरी टेबलाकडे. मध्ये सगळे दातात दात. मोटर जोरात फिरो, हळू फिरो, अडखळो, 40ला 1 हे काही सुटत नाही. जे सुटूच शकत नाही, ते तुम्ही सोडवून परत बांधायला निघालात. कशासाठी?

मॅडम : चाळीस दात संपले आणि एकेचाळीसचा जॉब आला की तुम्हाला किती वेळ लागतो, त्यासाठी. झाकण उघडा, गिअर काढा, दुसरे शोधा, लावा, मेश बघा, एक ट्रायल कापा, मोजा. माझ्या स्क्रीनवर 40 पुसून 41 लिहायचं. आता पाच-पाच, दहा-दहा नगांच्या ऑर्डरी येतात, अण्णा. मशीन कापण्यापेक्षा सेटिंगमध्ये जास्त उभं राहतं.

अण्णा : वेळेचं मान्य. पण अचूकतेचं म्हणाल तर माझ्या हिशेबात काही कमी नाही. या मशीनचा इंडेक्सचा आकडा 24. चाळीस दातांना 24 भागिले 40, म्हणजे 3 ला 5. यात अंदाज नाही, दशांश नाही. एकदम चोख.

मॅडम : सरळ दातांना चोख. तिरक्यांचं काय?

इथे अण्णा थांबले, पण अडकले म्हणून नव्हे. हा त्यांचा आवडता प्रांत आहे. तिरक्या दातांच्या गिअरमध्ये हॉब खाली सरकत जातो तसतसं टेबलाला थोडं जास्तीचं फिरावं लागतं. हे जास्तीचं फिरणं डिफरन्शियलमधून येतं आणि त्यासाठी चेंज गिअरांचा वेगळा संच लागतो. घोळ असा की या हिशेबात पाय येतो आणि कोनाचा साइन येतो. दोन्ही आकडे दशांशात सहसा न संपणारे, आणि गिअरला दात मात्र पूर्णांकातच असतात.

अण्णा : लिहून घ्या. मॉड्यूल 3, दात 40, हेलिक्सचा कोन 20 अंश. आमच्या डिफरन्शियलचा आकडा 7.95775. तो 25 भागिले पाय आहे, हे मला फार उशिरा कळलं. त्याला साइन 20 ने गुणा, मॉड्यूलने भागा. 0.907237 आलं. आता या गुणोत्तराचे गिअर कुठून आणायचे? 49 ला 54 लावले तर जवळपास येतं. 88 ला 97 लावले तर आणखी जवळ.

मॅडम : म्हणजे बरोबर नाहीच.

अण्णा : नाहीच. पण किती चुकलं ते मला कापायच्या आधी ठाऊक असतं. 50 मिलिमीटर रुंदीच्या जॉबला 49-54 ने दाताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण साडेतीन मायक्रॉनचा फरक पडेल. 88-97 ने 0.4 मायक्रॉन. तेवढं मोजायला तुमचं मशीनसुद्धा घाम गाळेल. आणि ही चूक लोखंडात कोरलेली आहे. आज 0.4, उद्याही 0.4, मी मेल्यावरही 0.4.

लोखंडात कोरलेली चूक ही कल्पना मला अण्णांइतकी निरुपद्रवी वाटत नाही, ते पुढे येईलच. पण असा अपूर्णांक शोधण्यामागे मोठी विद्या आहे, हे इथे सांगायला हवं. मोरिट्झ स्टर्न या जर्मन गणितज्ञाने 1858 मध्ये आणि आशिल ब्रोको या पॅरिसच्या घड्याळजीने 1861 मध्ये, दोघांनी आपापल्या वाटेने एकच रचना मांडली. दोन अपूर्णांकांचे अंश एकत्र मिळवायचे, छेद एकत्र मिळवायचे, की दोघांच्या मध्ये बसणारा तिसरा अपूर्णांक मिळतो. असं करत करत हव्या त्या आकड्याच्या जवळ सरकायचं. स्टर्नला संख्यांचं कुतूहल होतं. ब्रोकोला घड्याळाचे दात मोजायचे होते. गणिताच्या पुस्तकांत आज दोघांचं नाव जोडीने येतं, पण चेंज गिअरांचे तक्ते वापरणारा सेटर रोज जे काम करत आला, ते घड्याळजीचं.

मॅडम : माझ्या कंट्रोलरमध्येही अपूर्णांकच असतो. फक्त त्याचा अंश आणि छेद लाखांत, कोटींत जाऊ शकतात आणि भागाकारात उरलेली बाकी टाकून न देता पुढच्या चक्रात धरली जाते. त्यामुळे चूक साचत नाही. 101 दातांचा जॉब आला तर तुम्ही काय करता?

अण्णा : 101 मूळ संख्या. 101चा गिअर संचात नसेल तर इंडेक्स मुद्दाम थोडा चुकीचा लावायचा आणि तो फरक डिफरन्शियलने भरून काढायचा. मात्र मग फीडला, म्हणजे हॉबच्या सरकण्याच्या गतीला, हात लावायचा नाही, कारण दुरुस्ती फीडच्या गिअरांवरून येते. मध्येच कुणी फीड बदलला की जॉब भंगारात.

मॅडम : हेच म्हणते मी. तुमच्याकडे एक बदललं की दुसरं बिघडतं, कारण सगळं एकाच साखळीत ओवलेलं आहे. माझ्याकडे फीड वेगळा, इंडेक्स वेगळा, तिरकेपणा वेगळा. तिन्हींची बेरीज करून टेबलाला हुकूम जातो.

अण्णा : हुकूम जातो. पाळला कधी जातो?

वादाचा खरा गाभा या प्रश्नात आहे. लोखंडी साखळीत दात आणि अंतरं असतात. इलेक्ट्रॉनिक जोडणीत असतो वेळ. हॉबच्या स्पिंडलवरचा एन्कोडर सांगतो की हॉब इथवर आला. कंट्रोलर ते वाचतो, हिशेब करतो, ड्राइव्हला कळवतो, ड्राइव्ह मोटरला करंट देतो आणि मग टेबल हलतं. प्रत्येक पायरीवर थोडा उशीर. मॅडमनी कागद ओढून घेतला.

मॅडम : तुमचाच जॉब घेऊ. टेबल मिनिटाला 10 फेरे, हॉब 400. म्हणजे टेबल सेकंदाला 60 अंश फिरतं. पिचवर्तुळाची त्रिज्या जवळजवळ 64 मिलिमीटर. एका मिलिसेकंदात त्या वर्तुळावरचा बिंदू 67 मायक्रॉन पुढे जातो.

अण्णा : म्हणजे एका मिलिसेकंदाची चूक झाली तर 67 मायक्रॉन. खलास.

मॅडम : चूक झाली तर. उशीर झाला तर नाही! हा फरक लक्षात घ्या. उशीर कायम तेवढाच असेल तर टेबल कायम तेवढंच मागे राहील आणि दात तरीही सारखेच कापले जातील. तुम्हीही बॅकलॅश सहन करताच ना? लोड एकाच बाजूने दाबत असेल तर प्ले असूनही जॉब बिघडत नाही. बिघडतो कधी, तर लोड उलटला आणि दात एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटला की. माझ्याकडे तसंच, उशिराचा चढउतार बिघडवतो. आजच्या नेटवर्कवर तो एका मायक्रोसेकंदाच्या आत राहतो, आणि मायक्रोसेकंदाला आपल्या जॉबवर येतात 0.067 मायक्रॉन. तुमच्या 88-97पेक्षा कमी.

अण्णा : सगळ्या ड्राइव्हना एकदम कळतं कसं? वायर तर एकापुढे एक गेलेली असते.

मॅडम : गणपतीत ढोल पथक पाहता ना? ताशा पुढे, ढोलांच्या रांगा मागे. ताशापासून 34 मीटरवर उभ्या असलेल्या ढोलवाल्याला ठोका सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. तो कानावर विसंबला तर मागे पडणारच. आता समजा प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आहे, सगळी घड्याळं जुळवलेली आहेत आणि ठोका अमुक क्षणी मारायचा हे आधीच ठरलंय. मग अंतराचा प्रश्न उरत नाही. बेकहॉफ कंपनीने 2003 मध्ये आणलेलं ईथरकॅट तेच करतं. प्रत्येक ड्राइव्हमध्ये स्वतःचं घड्याळ, वायरमधला उशीर मोजून वजा केलेला, आणि हुकूम एका ठरलेल्या क्षणी सगळीकडे एकदम लागू.

अण्णा : छान. आता त्यातल्या एका ढोलवाल्याच्या काठीला झटका बसला, तर बाकीच्यांना कळणार कसं? ते तर घड्याळ बघून वाजवतायत. हॉबचा एकेक दात जॉबवर आपटतो. प्रत्येक घावाला हॉब किंचित दबतो. माझ्या मशीनमध्ये हॉब दबला की टेबलही दबतं, कारण दोघं एकाच साखळीत. तुमच्या टेबलाला हॉबची खबर कोण देणार?

प्रश्न नेमका आहे, आणि कंट्रोल शिकवणाऱ्या वर्गांत तो इतक्या चांगल्या शब्दांत विचारला जात असेल, असं मला वाटत नाही. याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही अर्धी आहेत. टेबलाला हॉबच्या प्रत्यक्ष एन्कोडरमागे चालवायचं, तर हॉबची थरथरही टेबलाकडे जाते. जड टेबल ती पूर्ण उचलू शकत नाही, अर्धवट आणि उशिरा उचलतं. ते टाळायला हॉब आणि टेबल दोघांना कंट्रोलरमधल्या एका काल्पनिक अक्षामागे चालवलं, तर थरथर थांबते, पण हॉब खरोखरच मागे पडला तर टेबलाला पत्ता लागत नाही. यॉरम कोरेन यांनी 1980 मध्ये मांडलेली क्रॉस-कपलिंगची पद्धत मधली वाट काढते : प्रत्येक अक्षाने आपापली चूक सुधारायची, आणि शिवाय दोघांमधल्या फरकावर वेगळी नजर ठेवून तोही दोघांना वाटून द्यायचा. मॅडमनी हे सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि स्वतःचा अनुभव काढला.

अण्णा : एका शॉपमध्ये असंच मशीन बदललं होतं. रफ कट मारला, गिअर झकास. फिनिशसाठी स्पीड वाढवला, तर हॉब दाताच्या एका बाजूलाच घासायला लागला. दुसऱ्या बाजूला टेकेना. सगळे म्हणाले, फिक्श्चर सरकलं. फिक्श्चर जागेवर होतं.

मॅडम : मग फीड फॉरवर्ड लावलेला नसणार. साधा सर्व्हो हुकमाच्या मागे राहतो, आणि किती मागे ते स्पीडवर ठरतं. गेन 50 धरला तर 10 फेऱ्यांना टेबल 1.2 अंश मागे, 15 फेऱ्यांना 1.8. फरक 0.6 अंश, म्हणजे या जॉबवर दोन तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. एका स्पीडला बरोबर, दुसऱ्या स्पीडलाही बरोबर, पण दोन्ही एकाच जॉबवर मारले की दात सरकतात. पुढच्या वेगाचा हुकूम आधीच देऊन ठेवला की हे मागे राहणं जवळजवळ संपतं. ही सेटिंगची चूक, अण्णा. पद्धतीची नाही.

अण्णा : माझ्याकडे ही चूक करायला जागाच नाही, एवढंच म्हणतो. सेटिंगने बिघडू शकतं ते कुणीतरी बिघडवतंच.

मॅडम : आणि 47च्या जागी 74चा गिअर कुणी लावलाच नाही कधी?

यावर मालक हसला, म्हणजे त्याच्याकडे लावला गेला असावा.

मॅडम : आता मी विचारते. तुमच्या साखळीतलं शेवटचं जोडपं कोणतं? टेबलाखालचं वर्म आणि वर्म व्हील. पुढचे सगळे गिअर चोख असले तरी या व्हीलच्या दातांत जी चूक असेल, ती प्रत्येक जॉबवर छापली जाणार. इलेक्ट्रिक गाड्या आल्यापासून हे कानाला ऐकू येतंय. पूर्वी इंजिनच्या आवाजात गिअरचा आवाज लपायचा. आता गिअरबॉक्समधून एक शीळ येते, जी गाडीतल्या कुठल्याच गिअरच्या दातांच्या हिशेबात बसत नाही. भूतच. शोधत गेलं की ती कापणाऱ्या मशीनच्या व्हीलच्या दातांशी जुळते. तुमची लोखंडात कोरलेली चूक, अण्णा, ती अशी गाडीत बसून फिरते.

मघाशी मी ज्यासाठी थांबलो होतो ते हेच. आणि हे दुखणं आजचं नाही. चार्ल्स पार्सन्स यांनी टर्बाइनवर जहाजं चालवायला घेतली, तेव्हा टर्बाइन वेगाने फिरायचं आणि पंखा सावकाश फिरायला हवा होता. म्हणून ‘व्हेस्पेशियन’ हे जुनं मालवाहू जहाज विकत घेऊन त्यावर गिअर लावलेलं टर्बाइन बसवलं गेलं. मोठ्या गिअरांचा गोंगाट वर्म व्हीलच्या चुकांमधून येतो हे लक्षात आल्यावर पार्सन्सनी एक अफलातून युक्ती काढली. जॉब मशीनच्या टेबलाबरोबर न फिरवता त्याच्यापेक्षा किंचित वेगळ्या गतीने सरकवत न्यायचा, म्हणजे व्हीलची चूक दरवेळी दातावर त्याच जागी न पडता तिरकी विखुरली जाते. चूक तेवढीच राहिली; एका जागी साठायची, ती सगळीकडे पांगली. 1910च्या दशकातली ही कल्पना मला या सबंध विषयातली सर्वांत धूर्त वाटते. चूक कमी करणं महाग असतं, ती कुठे पडेल हे ठरवणं कधी कधी स्वस्त पडतं.

अण्णा : मग तुमच्या मोटरीत भूत नाही?

मॅडम : आहे. डायरेक्ट ड्राइव्ह टॉर्क मोटर लावली तर वर्म व्हील जातं, बॅकलॅश जातो. पण मोटरच्या चुंबकांची स्वतःची लहर असते, फेऱ्याला ठरावीक वेळा. एन्कोडरच्या रेषांमधल्या हिशेबातही बारीक लहर असते. भुताचा आकडा बदलतो. फरक इतकाच, की या लहरी मोजून कंट्रोलरमध्ये उलट्या भरता येतात. व्हीलच्या दातांना काय उलटं भरणार?

अण्णा : स्क्रेपर आणि निळा रंग. पण राहू द्या. वीज गेली तर?

मॅडम : (जरा थांबून) वीज गेली तर तुमचं मशीन चांगलं. मान्य. तुमच्याकडे सगळं एकमेकांत अडकून एकत्रच थांबतं. माझ्याकडे हॉब आणि टेबल आपापल्या वजनाप्रमाणे घरंगळतात आणि हॉब कटमध्ये असेल तर हॉब आणि जॉब दोन्ही जातात. म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये सोय असते : वीज जातेय हे कळताच ड्राइव्हमध्ये उरलेल्या आणि फिरत्या स्पिंडलमधून परत येणाऱ्या शक्तीवर गुणोत्तर सांभाळत हॉब बाहेर ओढायचा. ते लावून, तपासून घ्यावं लागतं. स्वस्तातल्या रिट्रोफिटमध्ये ते बहुधा वगळलेलं असतं.

अण्णा : आणि दहा वर्षांनी ड्राइव्ह जळला, कंपनी म्हणाली मॉडेल बंद झालं, तर? माझा चेंज गिअर तुटला तर शेजारच्या गल्लीत करून मिळतो.

मॅडम : त्यालाही माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण तुम्हाला उलट प्रश्न आहे. जनरेटिंग ग्राइंडिंगमध्ये चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं. त्या वेगाला जॉबपर्यंत गिअरांची साखळी न्या बघू. तापेल, वाजेल, शाफ्टना पीळ पडेल. आणि हो, पीळ तुमच्याही मशीनमध्ये पडतो. हॉब दबला की टेबल लगेच दबतं म्हणता, पण मधले लांब शाफ्ट आधी पिळतात, मग कळतं. तुमची साखळीही उशीर करतेच.

हे अण्णांना लागलं. त्यांनी नाकारलं नाही. उठून मशीनचं झाकण उघडलं, टेबल हाताने मागेपुढे ढकललं आणि वर्ममध्ये किती प्ले आहे तो डायल लावून बघितला. यानंतरचं बोलणं छोटं आहे, पण मालकाच्या पैशांचा निकाल तिथेच लागतो.

अण्णा : यांना कोटेशन आलंय, त्यात टॉर्क मोटर नाही. चेंज गिअर काढायचे आणि जुन्या वर्मवरच सर्व्हो मोटर लावायची असं आहे. म्हणजे तुमचं भूत जागेवरच.

मॅडम : एन्कोडर कुठे धरलाय?

अण्णा : मोटरमध्ये.

मॅडम : मग काही उपयोग नाही. मोटर सांगेल सगळं ठीक आहे आणि टेबल वर्म व्हीलच्या मर्जीने फिरेल. एन्कोडर टेबलावर पाहिजे.

अण्णा : टेबलावर लावलात आणि वर्ममध्ये हा एवढा प्ले राहिला, तर? टेबल मागे दिसलं की मोटर पुढे ढकलणार, प्ले संपेपर्यंत काही होणार नाही, मग टेबल एकदम पुढे जाणार, मग मोटर उलटी ओढणार. दिवसभर डोलत बसेल.

मॅडम : डोलेल. बरोबर आहे.

अण्णा : म्हणून म्हणतो, आधी वर्म. तो काढून, स्क्रेप करून, प्ले घालवून परत बसवायचा. मग तुमचा एन्कोडर टेबलावर.

मॅडम : आणि त्याच्याही आधी याच मशीनवर आजच्या आज एक सरळ दातांचा गिअर कापून पिच तपासायचा. आलेखात व्हीलच्या दातांइतक्या लाटा दिसल्या तर सगळा खर्च खाली, वर्म आणि व्हीलवर. नाही दिसल्या आणि चूक चेंज गिअरांच्या फेऱ्यांशी जुळली, तर माझ्या कोटेशनवर बोलू.

अण्णा : तुमच्या नाही, त्यांच्या. आणि त्यात वीज गेल्यावर हॉब बाहेर काढायची सोय लिहून घ्या.

मालकाने विचारलं, यात चेंज गिअरांचं काय करायचं, भंगारात घालू का. अण्णा नको म्हणाले. मॅडमही नको म्हणाल्या. पण 97चा गिअर कुठल्या खणात आहे हे त्यांनी अण्णांना विचारून घेतलं.